नऊ रेघांचा चहा

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आपण चकलीच्या काट्यांची तारीफ करतो, अनारशाला जाळी पडली की नाही याची चर्चा करतो, करंजीचे सारण चाखून पाकाविषयी मत देतो. पण ताटाच्या शेजारी वाफाळणारा जो कप असतो, त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तो इतका घरचा झाला आहे की त्याचे माहेर कोणते हे विचारायचेही आपल्याला सुचत नाही. आज मी त्या कपाविषयी लिहिणार आहे. खरे म्हणजे कपाविषयीही नव्हे. त्यातल्या पेयाच्या नावाविषयी, आणि ते नाव ज्या एका चिनी अक्षराने लिहितात त्या अक्षराविषयी.

ते अक्षर मी येथे छापून दाखवणार नाही. तुमच्याकडूनच काढून घेणार आहे. ज्या हातांनी काल दारात ठिपक्यांची रांगोळी घातली, त्यांना हे काहीच अवघड नाही. कॅलेंडरचे मागचे पान घ्या आणि पेन्सिल घ्या. प्रथम वर एक आडवी रेघ ओढा. तिला छेदणाऱ्या दोन लहान उभ्या रेघा काढा. झाल्या तीन. हे झाले गवत. आता त्याखाली घराच्या छपरासारख्या, एका शेंड्यातून डावी-उजवीकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा काढा. झाल्या पाच. हा झाला माणूस. त्या छपराखाली एक आडवी रेघ, तिच्या मधून जाणारी एक उभी रेघ आणि त्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन लहान फटकारे. झाल्या नऊ. हे झाले झाड. वर गवत, खाली झाड आणि मध्ये माणूस. तुम्ही चीनच्या राजधानीपासून जपानच्या खेड्यापर्यंत कुठेही वाचले जाईल असे अक्षर काढले आहे. अभिनंदन! त्याचा अर्थ चहा.

हे अक्षर मला शिकवले माझ्या पुतणीने. ती पुण्यात राहून जपानी शिकते. रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येते आणि जेवण झाले की वहीत चित्रविचित्र अक्षरे गिरवत बसते. ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा आणि मी गेली सात वर्षे एकमेकांशी बोलत नाही. वाईच्या घराची वाटणी, परसातली विहीर आणि एक भिंत असे ते प्रकरण आहे. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हे सांगण्याची ही जागा नव्हे. पण मुलगी मात्र दोन्ही घरी जाते, दोन्हीकडे जेवते आणि इकडचे तिकडे करत नाही. हल्लीच्या मुलींचे मला हेच कौतुक वाटते.

असो. तर अक्षराकडे वळू.

‘माणूस गवत आणि झाड यांच्यामध्ये’ हा अर्थ चिनी लोकांना फार आवडतो आणि तो सांगायलाही गोड आहे. पण शास्त्री मंडळी त्याला मान डोलावत नाहीत. जुन्या चिनी ग्रंथांत चहाचे हे अक्षर नव्हतेच. त्याच्या जागी एक थोरली बहीण होती. तिच्यात एक आडवी रेघ जास्त होती. तिचा उच्चार ‘थू’सारखा आणि अर्थ ‘कडू भाजी’. चहाची पानेही कडूच, तेव्हा तेच अक्षर चहालाही चालवून घेत. त्या अक्षराचा खालचा भाग केवळ उच्चार सुचवण्यापुरता होता. त्यात माणूसही नव्हता आणि झाडही नव्हते. पुढे आठव्या शतकात, थांग राजघराण्याच्या अमदानीत, चहा देशभर प्यायला जाऊ लागला. कडू भाजीच्या घरात भाडेकरू म्हणून राहणे त्याला शोभेना. तेव्हा एक रेघ गळाली, नवे अक्षर रूढ झाले, आणि रेघ गळाल्यावर जो आकार उरला त्यात लोकांना माणूस आणि झाड दिसू लागले. एक रेघ सोडून दिल्यावर आत माणूस सापडावा, ही गोष्ट मला अक्षरापुरतीच वाटत नाही.

नव्या अक्षराला प्रतिष्ठा देणारा मोठा माणूस म्हणजे लू यू. हा अनाथ मुलगा बौद्ध मठात वाढला आणि पुढे त्याने चहावर जगातला पहिला मोठा ग्रंथ लिहिला. सुमारे 760 ते 780 या काळातला तो ग्रंथ दहा प्रकरणांचा आहे. चहाचे झाड, पाने खुडण्याची रीत, भांडी, पाणी कोणत्या झऱ्याचे असावे, किती उकळावे, सारे काही त्यात आहे. त्याच्या काळी चहात कांदा, आले, संत्र्याची साल, पुदिना असले पदार्थ घालून उकळण्याची चाल होती. तसला चहा म्हणजे गटारात ओतण्याचे पाणी, असे लू यूचे मत होते. आमच्या घरी आल्याशिवाय चहा होत नाही. हे मत मी सौभाग्यवतींच्या कानावर घातले. तिने चहाचे आधण ठेवता ठेवता एवढेच विचारले, “त्याच्याकडे पाऊस किती पडतो?”

आणि त्या थोरल्या बहिणीचे, कडू भाजीच्या अक्षराचे, पुढे काय झाले? ती संन्यासिनी झाली म्हणायची. बौद्ध भिक्षूंना संस्कृत नावे चिनी अक्षरांत उतरवायची होती; त्या कामी तिचा उपयोग झाला. जपानात ‘डाकिनी’ या आपल्या नावातला ‘डा’ लिहायला आजही तीच बसलेली असते. धाकटी चुलीवर आणि थोरली तंत्रमार्गात! एका रेघेने केवढे अंतर पडते पाहा.

आता गंमत ऐका. चिनी अक्षर डोळ्यांना सगळीकडे एकच, पण कानांना प्रांताप्रांतात निराळे. हेच नऊ रेघांचे अक्षर उत्तरेत आणि दक्षिणेकडच्या कँटनमध्ये ‘छा’ असे वाचतात. पण फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावर, आमॉय बंदराच्या बाजूला, ‘ते’ असे वाचतात. पोर्तुगीज लोक मकावला 1557 मध्ये ठाण मांडून बसले. त्यांच्या कानी ‘छा’ पडले. डच व्यापाऱ्यांचा संबंध फूच्येनच्या लोकांशी आला. त्यांनी ‘ते’ उचलले आणि युरोपभर पसरवले. इंग्रजांची ‘टी’, फ्रेंचांची ‘ते’, जर्मनांची ‘टे’ ही सारी त्या आमॉयची लेकरे. उलट खुष्कीच्या वाटेने जे नाव गेले ते छाच्याच कुळातले. इराणात चाय, तुर्कस्तानात चाय, रशियात चाय, अरबांकडे शाय.

आपला देश मात्र दोन्ही घरी जेवणारा. मराठीत चहा, गुजरातीत चा, बंगालीत चा, हिंदीत चाय, कोकणीत च्या. पण तमिळ माणूस ‘तेनीर’ म्हणतो. ‘नीर’ म्हणजे पाणी आणि ‘ते’ म्हणजे तोच आमॉयचा उच्चार. सर्वांत मौज मल्याळी माणसाची. तो पानाला ‘तेयिला’ म्हणतो आणि त्याच पानाचा प्याला झाला की ‘चाया’ म्हणतो. एका चिनी अक्षराचे दोन उच्चार त्याच्या एका स्वयंपाकघरात नांदतात, आणि त्यावरून घरात तंटा झाल्याचे ऐकिवात नाही.

पण हे अक्षर आपल्याकडे नुसते गोडीगुलाबीने आले असे समजू नका. त्यामागे मोठा हिशेब आहे आणि तो मुंबईच्या वहीतही लिहिलेला आहे. अठराव्या शतकात इंग्रजांना चहाची अशी चटक लागली की चहावाचून त्यांचे चालेना. चहा मिळे फक्त चीनमध्ये, आणि चिनी व्यापारी त्याची किंमत चांदीत मागत. चांदी आणायची कोठून? कंपनी सरकारने तोड काढली. हिंदुस्थानात अफू पिकवायची, ती चीनच्या किनाऱ्यावर चोरून विकवायची आणि आलेल्या चांदीतून चहा घ्यायचा. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. 1839 मध्ये लिन झश्यू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यावरून युद्ध पेटले आणि 1842 च्या तहात चीनला हाँगकाँग गमवावे लागले. सर जमशेटजी जीजीभाई यांची पुष्कळशी संपत्ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातली होती. त्याच संपत्तीतून मुंबईत इस्पितळ आणि कलाशाळा उभी राहिली. ज्या इस्पितळात आपली माणसे बरी झाली त्याच्या पायाशी कोणाची तरी घरे उद्ध्वस्त झालेली असतात, ही गोष्ट मनाला चटका लावते. दान खोटे नव्हते आणि अफूही खोटी नव्हती.

पुढे इंग्रजांनी चीनची मक्तेदारीच मोडली. आसामात चहाचे झाड रानात होतेच. आसामचा पहिला चहा 1839 च्या जानेवारीत लंडनला लिलावात विकला गेला. दहा वर्षांच्या आत रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ चिनी वेष करून चीनच्या आतल्या मुलखात शिरला आणि रोपे, बी व चहा करणारे कारागीर घेऊन हिंदुस्थानात पाठवता झाला. मळे झाले. मळ्यांवर दूरदूरच्या गरीब आदिवासींना करार करून नेले. आजही त्या मळ्यांत पाने खुडणारे हात बहुतेक बायकांचे असतात. दोन पाने आणि एक कळी, दोन पाने आणि एक कळी, असा दिवसभराचा जप. शास्त्री काही म्हणोत, गवत आणि झाड यांच्यामध्ये उभे असलेले ते माणूस मला तरी पाठीला टोपली बांधलेल्या बाईसारखे दिसते.

जपावरून आठवले. जपानात एकशे आठाव्या वर्षाला ‘चहाचे वर्ष’ म्हणतात. कारण काय, तर हे अक्षर सोडवून पाहिले तर वरच्या गवतात दोन वेळा दहाचा आकडा दिसतो, म्हणजे वीस. आणि खालच्या भागात अठ्ठ्याऐंशी. बेरीज एकशे आठ! आपल्या जपमाळेचे मणी तितकेच. पुतणीने हे सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी मला माळ दाखवून म्हटले, “बघा, मी मोजून मोजून चहाच करत होते.”

जपानी लोकांनी या अक्षराला कामाला तरी किती लावले आहे! तपकिरी रंग म्हणजे ‘चहाचा रंग’. घरातली सगळी माणसे बसतात ती खोली म्हणजे ‘चहाची खोली’. भाताचा वाडगासुद्धा ‘चहाचा वाडगा’. आपण ‘रोजचा वरणभात’ म्हणतो तेथे ते ‘रोजचा चहाभात’ म्हणतात. एखाद्या प्रश्नाला सरळ उत्तर न देता वेळ मारून नेणे म्हणजे ‘चहा गढूळ करणे’. आणि ‘चहा नाही’ अशी दोन अक्षरे जोडली की अर्थ होतो अविचार, भलताच हट्ट. भाषापंडित सांगतात की तेथे हे अक्षर केवळ उच्चारासाठी उसने घेतले आहे. पंडितांचे खरे असेल. पण सकाळचा चहा मिळण्यापूर्वीचा आमच्या घरातला कारभार पाहिला तर जनतेचाच अर्थ बरोबर वाटतो.

चिनी माणसाच्या तोंडी संसाराला लागणाऱ्या सात वस्तूंची यादी असते. सरपण, तांदूळ, तेल, मीठ, सोयाबीनची चटणी, शिर्का आणि चहा. दार उघडले की या सातांची चिंता. लग्नातही हे अक्षर पुढे. चहाचे झाड एकदा रुजले की दुसरीकडे लावता येत नाही असा जुना समज होता. म्हणून वाङ्निश्चयाच्या भेटीत चहा असे, आणि मुलीने ‘चहा घेतला’ म्हणजे सोयरीक ठरली. ‘लाल महालातील स्वप्न’ या त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीत एक वहिनी नायिकेची थट्टा करते, की आमच्या घरचा चहा प्यालीस, मग आमची सून का होत नाहीस? लग्नाच्या दिवशी नवरानवरी वडीलधाऱ्यांना चहाचा प्याला दोन्ही हातांनी देतात. तो प्याला वडिलांनी ओठाला लावला म्हणजे सून घरात आली. आपल्याकडे चहाचा ट्रे हातात घेऊन मुलगी बाहेर येते आणि पोहे खाऊन मंडळी ‘कळवतो’ म्हणून जातात. चिनी पद्धतीत प्याला घेणाऱ्यावर काही बंधन तरी आहे.

आणि पाहुण्याला घालवायचे तेव्हाही चहाच! छिंग राजवटीतला अंमलदार भेटीचे काम संपले की पुढ्यातला चहाचा प्याला उचली. लगेच नोकर बाहेरून पुकारा करी, की पाहुणे निघाले. आजच्या चीनमध्ये पोलिसांनी ‘चहाला बोलावले’ असे कोणी हळूच सांगितले, तर ऐकणारा विचारत नाही की साखर किती होती. आपल्या कचेऱ्यांतले ‘चहापाणी’ वेगळे. तेथे चहा पाजणाऱ्याचाच खिसा हलका होतो.

या अक्षराची एक म्हण मात्र मला टोचते. चारच अक्षरे आहेत. माणूस, गेला, चहा, गार. माणूस उठून गेला की त्याचा चहा निवतो. खुर्ची सुटली की सलाम सुटतो, असा तिचा नेहमीचा अर्थ. सेवानिवृत्त मंडळींना तो समजावून सांगावा लागत नाही. पण मला तो अर्थ आठवत नाही. मला वाईच्या ओसरीवरच्या दोन पितळी पेल्यांची आठवण होते. पहाटे उठून दादा चहा करी. आई गेल्यानंतरची सवय ती. माझा पेला झाकून ठेवी, वर बशी आणि बशीवर वर्तमानपत्राची घडी. मी उशिरा उठे, तरी चहा ऊन असे.

आता आणखी एकच उपयोग सांगतो आणि संपवतो. जुन्या काळी शांघायमध्ये, चेंगडूमध्ये आणि इतर गावांतही ‘बोलणीचा चहा’ नावाची रीत होती. दोघांचा तंटा झाला की कोर्टात जाण्यापूर्वी दोघे आपापल्या बाजूची माणसे घेऊन चहाच्या दुकानात येत. गावातला एखादा वजनदार माणूस मध्यस्थ बसे. दोघांनी आपली बाजू सर्वांसमक्ष मांडायची. ज्याची चूक ठरेल त्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. नाटककार लाओ श यांच्या 1957 च्या ‘चहागृह’ नाटकातल्या पहिल्या अंकात अशीच एक तडजोड आहे, आणि तीही एका कबुतरावरून! कधी बोलणी फिसकटत आणि कपबशा फुटत, हेही खरे. पण रीत म्हणून विचार करा. वकिलाची फी नाही, तारखा नाहीत. हरणाऱ्याचे नुकसान फार तर काही कप चहाचे.

हे पुतणीला सांगितले तेव्हा ती वहीतून मान वर न करता म्हणाली, “काका, आणि दोघांनीही पैसे दिले तर?”

“तर काय?”

“तर कोण हरले ते दुकानदाराला कळणारच नाही.”

मी उत्तर दिले नाही. जपानी भाषेत सांगायचे तर चहा गढूळ केला. पण त्या रात्री मी एक पोस्टकार्ड काढले. सात वर्षांत दादाला लिहायला पत्रे पुष्कळ सुचली होती. प्रत्येकात विहीर येई, भिंत येई, आणि तिसऱ्या ओळीपासून अक्षर तिरके होई. या वेळी एकही वाक्य लिहिले नाही. नऊ रेघा ओढल्या. हात साठीच्या पुढचा, त्यामुळे छप्पर जरा एका बाजूला कलले. पण खाली झाड नीट उभे राहिले. पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकले.

दादाला चिनी येत नाही. अर्थ मुलीलाच विचारावा लागेल, आणि ती सांगेल. पुढे काय होईल ते मी येथे लिहू शकत नाही, कारण हा अंक छापायला जातो तेव्हा दिवाळी अजून यायची असते. एवढे मात्र ठरवले आहे. पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे एक पेला जास्त मांडला जाईल, त्यावर बशी राहील आणि बशीवर वर्तमानपत्राची घडी. वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा जास्तीचा पेला असेल. कॅलेंडरच्या पाठीवर काढलेले ते अक्षर फेकून देऊ नका. त्याला पाकीट आणि तिकीट एवढेच लागते.